सव्वाचार सेकंदांत खेळाडू कळतो का?

२०२५ मध्ये, २४ ते २६ एप्रिल असे तीन दिवस, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या छोट्या शहरात अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक ड्राफ्ट पार पडला. भारतातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून, एकमेकांवर आदळत खेळतात तो. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग, ३२ संघांची. कॉलेजात खेळून बाहेर पडणारी मुलं या संघांनी आपापसांत वाटून घ्यायची, त्या वाटणीचं नाव ड्राफ्ट. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. आदल्या हंगामात ज्या संघाची कामगिरी सगळ्यात वाईट त्याला निवडीचा पहिला नंबर, विजेत्याला शेवटचा. अशा सात फेऱ्या होतात. २०२५ मध्ये त्यात २५७ खेळाडू निवडले गेले.

मी सिनसिनाटीजवळ राहतो. आमचा स्थानिक संघ बेंगॉल्स. त्यांचा पहिल्या फेरीतला नंबर १७ वा होता आणि त्यावर त्यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा शेमार स्टुअर्ट हा खेळाडू घेतला. सोमवारी ऑफिसात अर्धी मंडळी खूश होती आणि अर्धी डोक्याला हात लावून बसलेली. दोघांचंही म्हणणं खरं होतं. स्टुअर्टचं वजन २६७ पौंड, म्हणजे १२१ किलो. एवढा देह घेऊन हा गडी ४० यार्ड ४.५९ सेकंदांत धावला आणि जागच्या जागी ४० इंच उंच उडाला. इतकं वजन असलेली माणसं असं काही करत नसतात. पण त्याचं मैदानावरचं मुख्य काम काय, तर समोरच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला आडवं पाडणं. याला सॅक म्हणतात. कॉलेजच्या तीन वर्षांत स्टुअर्टचे सॅक किती? दरवर्षी दीड, एकूण साडेचार. (दोघांनी मिळून पाडलं की दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा.) म्हणजे परीक्षेत डिस्टिंक्शन आणि प्रत्यक्ष कामात जेमतेम पास. मग विश्वास कशावर ठेवायचा?

दर वर्षी एप्रिलमध्ये हा वाद नव्याने पेटतो. वर्षानुवर्षांची आकडेवारी उपलब्ध असल्यामुळे तो नुसत्या मतांवर सोडायची गरज नाही.

चाचणी नेमकी कसली?

ड्राफ्टच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीच्या शेवटी, इंडियानापोलिसमध्ये 'स्काउटिंग कम्बाइन' नावाचा मेळावा भरतो. १९८७ पासून तो याच शहरात होतो. सव्वातीनशेच्या आसपास खेळाडूंना आमंत्रण असतं. मूळ हेतू वैद्यकीय तपासणीचा होता. प्रत्येक संघाने प्रत्येक मुलाचा गुडघा वेगळा तपासण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच ठिकाणी तपासावा, इतकी साधी कल्पना. हळूहळू त्याला शारीरिक चाचण्या जोडल्या गेल्या, मग टीव्ही आला आणि आता तो स्वतंत्र तमाशाच झाला आहे.

मुख्य चाचण्या सहा. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, सरळ धावणं. २२५ पौंडांचा, म्हणजे १०२ किलोंचा बार पाठीवर झोपून जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा उचलणं. जागच्या जागी उंच उडी. जागेवरून लांब उडी. आणि वळणं घेत, दिशा बदलत पळण्याच्या दोन चाचण्या. याशिवाय उंची, वजन, हाताची लांबी, अगदी पंजाची रुंदीसुद्धा मोजतात. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची वंडरलिक नावाची बुद्धिमापन चाचणीही अनेक वर्षं होती. ती २०२२ मध्ये बंद केली.

या सगळ्यात राजा आहे तो ४० यार्डांचा आकडा. सध्याचा विक्रम झेवियर वर्दीच्या नावावर आहे, २०२४ मधला, ४.२१ सेकंदांचा. त्याआधी तो जॉन रॉसच्या नावावर होता, २०१७ मधला, ४.२२ चा. आणि या जॉन रॉसचं नाव काढलं की आमच्या शहरात लोक विषय बदलतात.

एकाच राज्यातली दोन मुलं

२०१७ च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या दोन विद्यापीठांमधून दोन वाइड रिसीव्हर आले. वाइड रिसीव्हर म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा. एक जॉन रॉस, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा, वेळ ४.२२. दुसरा कूपर कप, ईस्टर्न वॉशिंग्टन या तुलनेने लहान विद्यापीठाचा, वेळ ४.६२. फरक ०.४० सेकंदांचा. दोघं शेजारी शेजारी धावले असते, तर रॉस रेषा ओलांडताना कप त्याच्या साधारण साडेतीन मीटर मागे असता. या खेळात साडेतीन मीटर म्हणजे फार मोठं अंतर.

बेंगॉल्सने रॉसला नवव्या नंबरावर घेतलं. कपला लॉस एंजेलिस रॅम्सने घेतलं, ६९ व्या नंबरावर. (रॉसच्या लगेच पुढे, दहाव्या नंबरावर, कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्स नावाच्या क्वार्टरबॅकला घेतलं. ती गोष्ट इथे नको, आधीच जखमेवर बरंच मीठ पडलं आहे.)

पुढे काय झालं? रॉसला दुखापतींनी छळलं, हे न्यायाने सांगायलाच हवं. पण त्याने सगळ्या कारकिर्दीत मिळून चेंडू झेलून कमावलेलं अंतर हजार यार्डही भरलं नाही. कपने एकट्या २०२१ च्या हंगामात १४५ वेळा चेंडू झेलला आणि १,९४७ यार्ड कमावले. त्याच हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सुपर बोलच्या अंतिम सामन्यात रॅम्ससमोर कोण होतं? बेंगॉल्स. रॅम्स २३-२० असे जिंकले. शेवटचा निर्णायक टचडाउन कपचा आणि सामनावीरही कपच.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. उलट बाजूचीही उदाहरणं आहेत. क्रिस जॉन्सन २००८ मध्ये ४.२४ सेकंदांत धावला, २४ व्या नंबरावर निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी चेंडू घेऊन पळत त्याने २,००६ यार्ड कमावले. कॅल्विन जॉन्सनची वेळ डोळे दिपवणारी होती आणि कारकीर्दही तशीच झाली. दुसऱ्या पारड्यात टॉम ब्रेडी आहे. २००० साली त्याने ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेतले, १९९ व्या नंबरावर निवडला गेला आणि सात सुपर बोल जिंकला. व्हर्नन गोल्स्टनने २००८ मध्ये तो १०२ किलोंचा बार ३७ वेळा उचलला, न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या नंबरावर घेतलं, आणि कारकिर्दीत त्याचे सॅक झाले शून्य. किस्से दोन्ही बाजूंनी हवे तितके सापडतात. म्हणून किस्से बाजूला ठेवून हिशेब बघावा.

हिशेब काय सांगतो

आमच्या शेजारच्या लुईव्हिल विद्यापीठातल्या फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर ॲडम्स यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९९ ते २००४ या काळात निवडले गेलेले क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि वाइड रिसीव्हर त्यांनी घेतले, आणि त्यांचे कम्बाइनचे आकडे नंतरच्या कामगिरीशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा की सातत्याने दिसणारा संबंध जवळपास नाहीच. अपवाद एक: रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन माणसांच्या गर्दीतून घुसणारे, यांच्या बाबतीत धावण्याच्या वेळेचा काहीतरी उपयोग दिसला.

२०११ मध्ये डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स या अर्थतज्ज्ञांनी फक्त क्वार्टरबॅक तपासले. उंची, धावण्याची वेळ, वंडरलिकचे गुण यांचा परिणाम ड्राफ्टमधल्या नंबरावर होतो, असं त्यांना आढळलं. पण नंतर तो माणूस मैदानावर कसा खेळतो, याच्याशी त्याच गोष्टींचा संबंध लागत नाही. थोडक्यात, संघ पैसे एका गोष्टीसाठी मोजतात आणि सामने दुसऱ्याच गोष्टीवर जिंकले जातात. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात शारीरिक चाचण्या आणि कॉलेजमधली कामगिरी यांची थेट तुलना झाली. पुढे काय होणार याचा अंदाज कॉलेजमधल्या कामगिरीवरून जास्त चांगला बांधता आला.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा. थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. एकाच जागेवर खेळणारे, ड्राफ्टमध्ये एकामागोमाग एक निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतर वरचढ ठरण्याची शक्यता किती? उत्तर आलं सुमारे ५२ टक्के. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. कम्बाइनचे आकडे, सामन्यांचे व्हिडिओ, मुलाखती, हेरगिरी, एवढा सगळा खटाटोप करून हाती लागलं ते २ टक्के.

असं का होत असावं?

पहिलं कारण संख्याशास्त्रातलं आहे, पण आपल्या स्वयंपाकघरातून ते लवकर समजतं. चाळलेलं पीठ त्याच चाळणीने पुन्हा चाळलं तर हाती काय लागणार? कम्बाइनला येणारी सव्वातीनशे मुलं देशभरातल्या हजारो कॉलेज खेळाडूंमधून आधीच गाळून आलेली असतात. जो खरोखर संथ आहे, तो इंडियानापोलिसपर्यंत पोहोचतच नाही. उरलेल्यांमध्ये सगळेच वेगवान. मग ४.४५ आणि ४.५५ मधल्या फरकावर किती भार टाकायचा? वेग महत्त्वाचा नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो इतका महत्त्वाचा आहे की त्याची परीक्षा आधीच होऊन गेलेली असते.

याच्याच पोटात आणखी एक गोम आहे. ४.६२ ची वेळ असूनही जो निवडला जातो, तो दुसरं काहीतरी जबरदस्त असल्याशिवाय निवडला जात नाही. ४.२२ वाल्याला मात्र बाकीच्या बाबतींत सूट मिळते. त्यामुळे निवडलेल्यांमध्येच तुलना केली, की वेगाचं महत्त्व प्रत्यक्षाहून कमी दिसतं. अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. नाहीतर 'वेग बिनकामाचा' असा उलटाच धडा घेऊन आपण मोकळे होऊ.

दुसरं कारण, परीक्षा एका विषयाची आणि नोकरी दुसऱ्या. ४० यार्डांची धाव सरळ रेषेत, अंगावर पॅड नाहीत, हातात चेंडू नाही, समोर अडवणारा नाही. आघाडीच्या फळीतला दीडशे किलोचा रक्षक सामन्यात सलग ४० यार्ड धावण्याची वेळ क्वचितच येते. क्वार्टरबॅकला समोरून चार राक्षस अंगावर येत असताना अडीच-तीन सेकंदांत कोण मोकळा आहे ते ओळखायचं असतं. ते स्टॉपवॉचवर दिसत नाही. बुद्धिमापनानेही ते हाती लागत नाही. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउड याचे एका आकलन चाचणीतले कमी गुण ड्राफ्टच्या तोंडावर बाहेर फुटले आणि त्याच्या डोक्याबद्दल जाहीर चर्चा झाली. बिचाऱ्याने त्याच हंगामात आक्रमण फळीतला सर्वोत्तम नवोदित म्हणून पुरस्कार मिळवला.

तिसरं कारण आपल्याला सांगायला नको. परीक्षा आली की क्लास येतोच! कॉलेजचा हंगाम संपला की जानेवारीपासून ही मुलं खास प्रशिक्षण केंद्रांत जातात आणि सहा-आठ आठवडे फक्त या चाचण्यांची घोकंपट्टी करतात. सुरुवातीला हात कुठे टेकवायचा, पहिलं पाऊल किती लांब टाकायचं, सगळं. याचं मूळ उदाहरण १९९५ मधलं, माइक मामुला. त्याने बॉस्टन कॉलेजात नेमक्या कम्बाइनच्या चाचण्यांचीच तयारी केली आणि असे आकडे दिले की फिलाडेल्फिया ईगल्सने अदलाबदल करून वर सरकत त्याला सातव्या नंबरावर घेतलं. तो वाईट खेळला नाही, पण लवकर थांबला. त्या अदलाबदलीत टँपा बेला जे नंबर मिळाले, त्यांच्या जोरावर त्यांनी वॉरन सॅप आणि डेरिक ब्रुक्स हे दोघे मिळवले. दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मोजमाप हेच ध्येय झालं, की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व. आपल्या क्लाससंस्कृतीने ते कुठलंही पुस्तक न वाचता सिद्ध केलं आहे.

चौथं कारण जरा आडवळणाचं. यश मोजायचं कसं? किती सामने खेळला हे मोजलं, तर वरच्या नंबरावर घेतलेल्याला संधीच जास्त मिळते. पहिल्या फेरीतला मुलगा दोन वर्षं चाचपडला तरी संघ त्याला खेळवत राहतो, कारण पैसे अडकलेले असतात. सहाव्या फेरीतल्याने दोन चुका केल्या की गाशा गुंडाळायचा. म्हणजे चाचणीमुळे नंबर मिळतो, नंबरामुळे संधी, आणि मग आपण म्हणतो की बघा, चाचणीने बरोबर ओळखलं होतं!

मग चाचण्या फेकून द्यायच्या?

नाही. ॲरन डोनाल्डचं उदाहरण बघा. २०१४ मध्ये त्याची उंची त्याच्या जागेच्या मानाने कमी म्हणून अनेक संघ बिचकले. पण २८५ पौंडांचा हा माणूस ४.६८ सेकंदांत धावला होता, आणि कॉलेजातला त्याचा खेळही तितकाच भारी होता. म्हणजे मैदान आणि स्टॉपवॉच दोघंही एकच गोष्ट सांगत होते, नाही म्हणत होती ती फक्त मोजपट्टी. तो १३ व्या नंबरापर्यंत घसरला. पुढे तीन वेळा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच २०२२ च्या सुपर बोलमध्ये बेंगॉल्सच्या शेवटच्या डावाला क्वार्टरबॅकच्या अंगावर जाऊन सामना संपवणारा तोच.

आकडा नुसता न बघता संदर्भासह बघितला की तो बोलू लागतो, हे यातलं सार आहे. बिल बार्नवेल या विश्लेषकाने २००८ मध्ये रनिंग बॅकसाठी 'स्पीड स्कोअर' मांडला. त्यात धावण्याची वेळ वजनाच्या प्रमाणात बघतात. ९० किलोच्या माणसाचे ४.५ आणि १०५ किलोच्या माणसाचे ४.५ सारखे कसे असतील? आता तर खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते. एनएफएलच्या मैदानांवर २०१४ पासून ही सोय आहे आणि सेकंदाला दहा वेळा प्रत्येकाची जागा नोंदली जाते. प्रत्यक्ष सामन्यात, अंगावर माणूस येत असताना, थकल्यावर कोण किती वेगात पळतो हे कळत असेल, तर रिकाम्या स्टेडियममधल्या एका धावेचं महत्त्व आपोआप कमी होतं. रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे आणि सरव्यवस्थापक लेस स्नीड तर अलीकडे कम्बाइनला जातच नाहीत. व्हिडिओ आणि आकडे घरबसल्या मिळतात.

आणि २०२५ ची गंमत बघा. ड्राफ्टमधले पहिले तिघे कॅम वॉर्ड, ट्रॅव्हिस हंटर आणि अब्दुल कार्टर. यातल्या एकानेही इंडियानापोलिसला ४० यार्ड धावून दाखवले नाहीत. कार्टरला दुखापत होती, बाकीच्या दोघांना गरज नव्हती. आमच्या बेंगॉल्सचा आजचा आधारस्तंभ जो बरो यानेही २०२० मध्ये तिथे धाव घेतली नव्हती, तरी तो पहिल्या नंबरावर निवडला गेला. ज्याच्या खेळाबद्दल शंका नाही, तो परीक्षेला बसतच नाही. परीक्षा उरते ती मधल्या फळीतल्या, अजून नाव न झालेल्या मुलांसाठी.

किंमत कोण मोजतं

हा मुद्दा आकड्यांच्या चर्चेत हरवतो. २०११ च्या करारापासून नवोदितांचा पगार ड्राफ्टच्या नंबरावर बांधलेला आहे. २०२५ च्या तक्त्यानुसार पहिल्या नंबराला चार वर्षांचे पावणेपाच कोटी डॉलरच्या वर मिळाले. शेवटच्या नंबराला चाळीस-पंचेचाळीस लाख, तेही कागदावर. त्यातला हमीचा भाग अगदीच थोडा. या खेळात शरीर लवकर झिजतं. अनेकांच्या वाट्याला दुसरा करार येतच नाही. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी पाय घसरला आणि ४.४ चे ४.६ झाले, तर त्याची किंमत लाखो डॉलरांत असू शकते. संघाचा अंदाज चुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा ड्राफ्ट आहेच. त्या मुलाला मात्र दुसरा ड्राफ्ट नाही.

त्यात मानाचाही प्रश्न आहे. कमीत कमी कपड्यांत उभं करून उंची, वजन, हात, पंजे मोजायचे, आणि खोलीभर माणसांनी वहीत टिपून घ्यायचं. लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आणि संघमालक बहुतेक सगळे गोरे. या दृश्याची तुलना इथे गुलामांच्या बाजाराशी अनेकदा झाली आहे आणि ती ऐकताना कानाला बोचते. मुलाखतीत अपमानकारक प्रश्न विचारल्यास दंड होईल आणि ड्राफ्टमधला नंबरही जाईल, अशी तंबी लीगने २०२२ मध्ये संघांना दिली. अशी तंबी द्यावी लागली, यातच सगळं आलं.

आपल्या घरातला प्रश्न

इथल्या मराठी मंडळातल्या एका ओळखीच्या कुटुंबातला मुलगा हायस्कूलच्या फुटबॉल संघात आहे. इथे कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाठवायच्या माहितीत हायस्कूलची मुलंही आपली ४० यार्डांची वेळ लिहितात. त्याच्या वडिलांनी परवा विचारलं, "अरे, तू डेटामधला माणूस. ह्याची वेळ दोन दशांशांनी कमी करून देतो म्हणतात. फी बरीच आहे. घालू का?"

मी म्हटलं, "दादा, तो आकडा दार उघडण्यापुरता. दार उघडेल इतका असला की पुरे. बाकीचे पैसे आणि वेळ त्याला खेळू दे, स्वतःच्या सामन्यांचे व्हिडिओ बघू दे." आणि अभ्यासाचंही बोललो, कारण एनसीएएच्या आकडेवारीनुसार हायस्कूलमध्ये हा खेळ खेळणाऱ्या दहा लाखांहून अधिक मुलांपैकी साधारण ७ टक्के कॉलेजात खेळतात. त्यातूनही ड्राफ्टला पात्र ठरणाऱ्यांपैकी जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास एनएफएलमध्ये पोहोचतात. दादा हसले. "म्हणजे जेईईपेक्षा वाईट," म्हणाले.

चाळणीला मोजपट्टी समजण्याची ही सवय फुटबॉलपुरती नाही. आमच्या व्यवसायात मुलाखतीत कोडी घालायची पद्धत होती. या कोड्यांनी काहीच कळत नाही, तो वेळेचा अपव्यय आहे, असं गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं. भारतीय क्रिकेटमध्ये २०१७ पासून यो-यो चाचणीचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये अंबाती रायुडूने आयपीएलमध्ये ६०२ धावा करून एकदिवसीय संघात जागा मिळवली आणि ही चाचणी नापास झाल्याने इंग्लंडचा दौरा गमावला. मुंबईच्या सर्फराज खानने रणजीच्या एका हंगामात ९२८ आणि दुसऱ्या हंगामात ९८२ धावा केल्या, तरी चर्चा त्याच्या वजनाचीच जास्त. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला कसोटीत संधी मिळाली, तेव्हा त्याने पहिल्याच सामन्यात ६२ आणि नाबाद ६८ केल्या. तंदुरुस्ती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण एक किमान पातळी ठरवली, ती ओलांडली, की पुढचा निर्णय धावांवर व्हायला हवा.

एनएफएलच्या बाबतीतही माझं मत हेच आहे. वैद्यकीय तपासणी ठेवा, ती खरोखर उपयोगाची आहे. चाचण्यांचा वापर किमान पातळीसाठी करा आणि आकडा वजनासह, जागेसह वाचा. चाचणी आणि खेळ एकच सांगत असतील तर डोळे मिटून घ्या, डोनाल्डसारखा. दोघांचं जुळत नसेल, तर खेळावर विश्वास ठेवा.

स्टुअर्टच्या बाबतीत दोघांचं जुळत नाही. बेंगॉल्सचं म्हणणं असं दिसतं की शरीर देवाने दिलेलं आहे, बाकीचं आम्ही शिकवू. कदाचित शिकवतीलही. कॉलेजातल्या त्याच्या संघाची खेळण्याची पद्धत त्याच्या सॅकना पोषक नव्हती, असंही काही जाणकार सांगतात. वरचा सगळा हिशेब असा जुगार खेळू नये असंच सांगतो, पण हिशेब शक्यतेचा असतो, एका माणसाचा नसतो. हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. आमच्या ऑफिसातले दोन्ही गट तेव्हा त्याचे सॅक मोजतील. तो ४० यार्ड किती सेकंदांत धावला होता, हे तोवर कुणाच्या लक्षातही नसेल.